अक्षराला चिकटलेला अंगठा

कुठल्याही कागदावर अंगठा लावण्याआधी शंकाबाई तो तीन जणांकडून वाचून घ्यायची. तिघांनी तो वेगवेगळा वाचायचा, एकमेकांना विचारायचं नाही, ही तिची अट. जिनच्या फाटकावरचा पहारेकरी, बाजारातला एक कंपाउंडर आणि मी. तिघांनी एकच सांगितलं तर अंगठा. एकाच्याही सांगण्यात फरक पडला तर कागद परत लुगड्याच्या ओच्यात. शिवाय आठवड्याने तोच कागद ती मला पुन्हा वाचायला लावी, माझं वाचन बदलतं का ते बघायला.

मुलांनो, परवा तुमच्यापैकी एकाने फोनवर सांगितलं, की नव्या नोकरीचा चाळीस पानी करार त्याने न वाचता, पडद्यावर एक बोट टेकवून मान्य करून टाकला. फोन ठेवला आणि मला शंकाबाई आठवली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण जिनमधल्या बायकांनी तिला हेच ठेवलं होतं आणि ती त्याला ओ देत असे.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही खामगावला एका जिनच्या आवारात राहत होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तुमचे आजोबा तिथे इंजिनिअर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की खेड्यापाड्यांतून बायका कामाला येत. शंकाबाई पिंपळगाव राजाची. हंगाम सुरू होताना प्रत्येकीचा एका करारावर अंगठा घेत. कारकून खाली मोकळ्या जागेवर बोट ठेवून दाखवी आणि शंकाबाई तिथे कधीच लावत नसे. शेवटचा शब्द कुठला ते विचारून ती त्याच्यावरच अर्धा अंगठा दाबायची. कारकून चिडे, अक्षर झाकलं म्हणे.

"झाकू द्या," ती म्हणायची. "जागा सोडली का तिथं कोणी ना कोणी बसतेच."

हे तिला शेताने शिकवलं होतं. तिच्या बापाने धुऱ्यालगत, म्हणजे बांधाच्या कडेने, वीतभर जमीन न नांगरता ठेवली होती. शेजाऱ्याने दरवर्षी एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, घेत ती खाल्ली. भांडण झालं तेव्हा धुरा कुठे होता हे सांगायला गावात कोणी पुढे आलं नाही.

माझ्यावर तिचा विश्वास होता असं समजू नका. चहा दिला तर मी घोट घेईपर्यंत ती कप उचलत नसे. मला आधी राग येई. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, कागद फुकट वाचून देणारी, आणि ही माझ्याकडे पाकीटमाराकडे बघावं तशी बघणार. एकदा मी विचारलंच, की माझ्यावर कसला संशय. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहा बाई. पर राहता त्याईच्याच घरात ना."

ते खरंच होतं. घर जिनच्या मालकांचं होतं.

तिच्या सातव्या हंगामात तिला दिवस गेले. कायदा तेव्हा नवा होता. बाळंतपणासाठी बाईला रजा द्यायची आणि त्या काळात तिला कामावरून काढायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि तिच्या मागे लागले, की रीतसर नोटीस दे. तिला पटेना. कायदा खरा असेल तर आधीच्या बायकांना का नाही मिळाला, हा तिचा सवाल. शेवटी मीच तिला घेऊन कचेरीत गेले.

कारकून म्हणाला, यंत्राची फीत तुटली आहे, अंगठा लावून ठेवा, मी उद्या टाइप करतो. त्याने कोरा कागद पुढे केला. शंकाबाईने तो उलटसुलट करून पाहिला.

"कुठं लावू? इथं तर अक्षरच नाही."

मला घरी जायची घाई होती. कुकर नवा होता आणि सासूबाई त्याला हात लावत नसत. मी म्हटलं, "मी आहे ना. लाव." तिने शाईच्या गादीवर अंगठा टेकवला. मग कागदाच्या तळाशी, नुसत्या पांढऱ्यावर अंगठा दाबला.

आठ दिवसांनी तिला फाटकावर अडवलं. तिने राजीनामा दिला आहे, असं सांगितलं. कागद दाखवला. इंग्रजीत चार ओळी, घरगुती कारणासाठी काम सोडत आहे, आणि खूप खाली तिचा अंगठा.

ती रडली नाही. माझ्या दारात येऊन म्हणाली, "आता तुम्ही काय करता?"

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. साक्षीला माझं नाव होतं. तुमचे आजोबा त्या दिवसांत घरात फार कमी बोलत. मी विचारलं, जाऊ का, तर म्हणाले, मी जा म्हणणार नाही आणि नकोही म्हणणार नाही. त्या कागदाबद्दल त्यांना आधीच माहीत होतं का, हे मी कधीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं अजून वाटतं.

मी अकोल्याला जाऊन साक्ष दिली. कागद कोरा होता आणि अंगठा माझ्या सांगण्यावरून लागला, एवढंच सांगितलं. कारखान्याचे वकील गोड माणूस होते. आजोबांना बढती मिळाली नाही म्हणून मी सूड घेते आहे, असं त्यांनी सुचवलं. मग या बाईशी तुमची मैत्री किती वर्षांची, असं विचारलं. मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला.

"मैत्रीण नाही साहेब. माहा भरवसाच नाही बाईवर."

न्यायाधीशांनी तिला गप्प बसवलं, पण चष्मा काढून पुसला. मग एरवी ती अंगठा कुठे लावते ते मला विचारलं, आधीच्या सहा हंगामांचे तिचे करार मागवले आणि ते राजीनाम्याशेजारी मांडले. सहाही ठिकाणी अंगठा शेवटच्या शब्दावर चढलेला. एका करारावर तर तारीखच वाचता येत नव्हती. राजीनाम्यात मात्र शेवटची ओळ आणि अंगठा यांच्यात चार बोटं जागा. त्यांनी कारकुनाला विचारलं, या बाईने हीच एक वेळ एवढी जागा का सोडली असेल?

निकाल इंग्रजीत आला. राजीनामा तिने स्वखुशीने दिल्याचं सिद्ध होत नाही. गरोदरपणात तिला काढणं कायद्याविरुद्ध आहे. तिला कामावर परत घ्यावं आणि नोकरी अखंड धरावी. मी वाचून दाखवलं. तिने तो आणखी दोघांकडून वाचून घेतला आणि मगच माझ्याकडे परत आली. तोंडावर आनंद नव्हता.

"राजीनामा लिवला कोनं, ते याच्यात काऊन नाही?"

मी सांगितलं, की न्यायालयापुढे तो प्रश्न नव्हता. ती म्हणाली, मग तो अजून तिथंच बसला असन. बसलाच होता. तीच खुर्ची, तेच यंत्र. पुढच्या हंगामात लेक पाठीला बांधून ती कामावर आली आणि करार घ्यायला तोच कारकून समोर होता. या वेळी शेवटचा शब्द कुठला ते त्यानेच दाखवलं, असं मला पहारेकऱ्याने सांगितलं.

आम्हाला वर्षाच्या आत घर सोडायला लागलं. आजोबांनी अकोल्याला नोकरी धरली. सामान ट्रकवर चढत असताना शंकाबाई आली. लुगड्याच्या ओच्यातून तिने एक घडी काढली. कोरा कागद होता.

"सही करा."

"कशावर?"

"याच्यावर. खाली." ती हसली नाही. "मी आहो ना."

मुलांनो, त्या कचेरीत मी तिच्यापुढे असाच कागद ठेवू दिला होता. मी सही केली. तिने ती फुंकून वाळवली, घडी घातली आणि ट्रक सुटेपर्यंतही न थांबता निघून गेली.

त्यानंतर कितीतरी वर्षं दारात रजिस्टर पत्र आलं की घेण्याआधी मी पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचत असे. ती काही लिहून घेईल असं खरं वाटत नव्हतं. पण तिच्या मागे तो कागद कोणाच्या हाती लागेल, ही शंका जात नव्हती. कागदांच्या बाबतीत मी तिचीच होऊन गेले होते.

मागच्या वर्षी एक बाई मला शोधत आली. ती शंकाबाईची लेक, त्याच खटल्याच्या वेळी पोटात असलेली. आई गेल्याचं तिने सांगितलं. मग माझं पूर्ण नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, जिनच्या घराला दारं किती होती तेही विचारलं. समाधान झाल्यावर तिने पिशवीतून ती घडी काढून दिली. आईने शेवटच्या दिवसांत सांगितलं होतं, की बाई स्वतः असली तरच दे, नाहीतर चुलीत घाल.

कागद कोराच होता. फक्त माझ्या सहीला लागून, माझ्या आडनावाचं शेवटचं अक्षर झाकत, तिचा अंगठा होता. आता वर कोणी काहीही लिहिलं, तरी ते आम्हा दोघींच्या नावावर.

तो कपाटात, निळ्या फाइलमध्ये आहे. त्यावर कोणी काही लिहू नका.