डबा आमच्यासमोर उघडा

वैदेहीचे आईवडील दोघेही जन्मापासून कर्णबधिर. घरात ऐकू येणारी ती एकटीच. त्यामुळे सहाव्या वर्षापासून दुकानात, बँकेत, दवाखान्यात बोलायचं काम तिच्याकडे आलं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यादेखत माणसं किती मोकळी होतात, हे तिला तेव्हाच कळलं. "याले काय समजते, कालचाच माल दे," असं हसत हसत म्हणणारा भाजीवाला तिनं ऐकला होता. वडिलांना, बापूजींना, ती खुणेनं सांगायची, 'चांगली देतो म्हणतोय.' आणि हळूच त्यांना दुसऱ्या दुकानाकडे ओढून न्यायची. पस्तिशी उलटली तरी तिचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, ते काही उगाच नाही.

आता ती नागपुरातच कर्णबधिर मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवते. खुणांच्या भाषेतले धडे घरी मोबाइलवर टिपायचे आणि कॉम्प्युटरवर जोडायचे, हा तिचा सुट्टीतला उद्योग. कॉम्प्युटर छोटासा, दप्तरात मावेल असा चपटा डबा. मार्चपासून तो अडखळू लागला. चित्र मध्येच थबकायचं आणि एकदम पुढे उडी मारायचं. दुसऱ्या कुणी ते चालवून घेतलं असतं. पण इथे हातच बोलतात, मधली हालचाल गळली की अर्धा शब्दच गळला.

बर्डीवर, भर बाजारात, जितेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. बापूजींना बरोबर घेऊन ती तिथे गेली. जितेंद्रनं डब्याकडे एकदा पाहिलं.

"ताई, प्रोसेसर जुना झाला. त्याच्याच्यानं होत नाही आता. मोठा बसवून देतो. ठेवून जा, उद्या घेऊन जा."

"न उघडताच कसं समजलं तुम्हाला?"

"रोजचं काम आहे ना माझं."

उद्या कशाला? आतलं काय निघेल आणि कुणाचं काय बसेल, कोण पाहणार? शिवाय एवढ्याशा डब्यात जास्त तापणारा प्रोसेसर निभत नाही, असं तिनं वाचलं होतं. तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "चालते ना, सब चालते." हे 'सब चालते' तिला मुळीच आवडलं नाही.

तेवढ्यात जितेंद्रनं पाठ वळवली आणि गल्ल्यावर बसलेल्या बायकोला, मिनलला, हलक्या आवाजात म्हणाला, "डब्बा ठेवून घे वं. बुवाले काही ऐकू येत नाही, अन् ताई एकटी किती वेळ भांडन?"

बापूजींनी खुणेनं विचारलं, 'काय म्हणाला?'

वैदेहीचे हात सवयीनं उठले. 'चांगलं करून देतो म्हणतोय' एवढं सांगितलं की झालं. पण आज तिला ते जमलं नाही. तिनं एकेक शब्द जसाच्या तसा सांगितला.

बापूजी रागावले नाहीत. त्यांनी डबा सुरू करायला लावला आणि त्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. बुटीबोरीच्या सूतगिरणीत तीस वर्षं ते फिटर होते. कुठलं चाक कुठे घासतंय ते त्यांना हातानंच समजे. थोड्या वेळानं त्यांनी एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. 'इथे काहीतरी फिरायला हवं. नुसतं थरथरतंय.'

"बापूजी म्हणतात, आतला पंखा अडकलाय," वैदेही म्हणाली. "उघडा. आमच्यासमोर उघडा."

जितेंद्र घुटमळला. मिनलनंच पेचकस पुढे केला. "उघडा ना. काहून थांबून राहिले?"

झाकण निघालं. पंख्याच्या पात्यांत रंगीत धाग्यांचा आणि धुळीचा गच्च बोळा बसला होता. आईचं शिलाई मशीन त्याच टेबलावर असतं, तिथलाच हा कचरा.

"तापला की प्रोसेसर स्वतःच हळू होते," जितेंद्र मान खाली घालून म्हणाला. "मी पयले हे पाहाले पाह्यजे होतं."

त्यानं सगळं साफ करून दिलं. धडा लावला तर चित्र सरळ चाललं. पण एका पडद्यावर दोन चित्रं, शिक्षिका आणि शेजारी प्रयोग, अशी लावताच पुन्हा अडखळलं.

"पाहा! म्हणून म्हटलं होतं ताई!"

हा खरेपणा की दुकानदारी, वैदेहीला ओळखू येईना. तिनं विचारलं, "असाच दुसरा डबा आहे का, मोठ्या प्रोसेसरचा? त्याच्यावर हेच चालवून दाखवा."

होता. त्यावर अडखळणं कमी झालं, पण थांबलं नाही. पंखा मात्र घोंघावू लागला. बापूजींनी त्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. 'हा आपल्या घरात उन्हाळा काढणार नाही.'

"राहू द्या, प्रोसेसर नको," वैदेही म्हणाली आणि आपला डबा उचलला.

ऑटो शोधताना बापूजी थांबले. 'इतकी वर्षं सगळे चांगलंच बोलत होते?'

तिनं एका ऑटोला हात केला.

'माणूस हसतो तेव्हा त्याचे डोळे मी पाहतो,' ते म्हणाले. 'लोक लपवतात ते ठीक. पण तूसुद्धा लपवतेस, असा मला संशय होता.'

सगळ्या बाजारावर संशय घेत आलेली वैदेही. आपल्यावरही कुणी घेत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मग ऑटोत बसल्यावर ती सांगू लागली, आठवेल ते, कुणाचंही न झाकता. काही गोष्टींवर बापूजी मोठ्यानं हसले. एकीवर मात्र ते तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले.

डबा आता शिलाई मशीनपासून लांब, वरच्या फळीवर आहे. प्रयोगाचं चित्र आधी हलकं करून घ्यायचं आणि मग जोडायचं, ही युक्ती वैदेहीनं शोधली. वेळ जास्त जातो, पण धडा अडखळत नाही.

पावतीवर तिनं नंबर लिहिला होता, त्यावर चौथ्या दिवशी जितेंद्रचा फोन आला. "ताई, बरोबर चालून राहिलं ना?"

"हो."

"बस, तेच विचारलं."

फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली. नुसतं एवढंच विचारायला कोण फोन करतं?