सुलटी बाजू

चकतीमामांनी आपल्या बहिणीची सीडी एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती का? त्यांच्या भाचीने मला हे विचारले. इतकी वर्षे त्यांच्या शेजारच्या दुकानात बसूनही मला शंकाच होती.

माझ्या शंकेला कारण होते. मामांचा धंदा गाण्याच्या सीडी दुरुस्त करण्याचा, आणि दुरुस्त करणारा माणूस गाणे ऐकत नाही, तो ओरखडा ऐकतो. गिऱ्हाईक सांगे, ‘चौथं गाणं अडकतं.’ मामा थेट चौथ्यावर जात, अडकण्याची जागा गाठत, चकती काढून घासायच्या मशीनच्या फिरत्या गादीखाली धरत. चकाकत्या बाजूच्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घासला जाई आणि ओरखडा नाहीसा होई. मग पुन्हा तीच जागा वाजवून पाहायची. ती सुरळीत पार पडली की गाणे मध्येच बंद. असंख्य गाण्यांचे मधले तुकडे त्यांना पाठ होते. एकाही गाण्याचा शेवट त्यांना सांगता आला नसता.

या कामात त्यांचा स्वतःचा एक शब्द तयार झाला होता. चकाकत्या बाजूला ते ‘सुलटी’ म्हणत, कारण वाजवणाऱ्या मशीनचा किरण तिच्यावर पडतो. नाव छापलेली बाजू ‘उलटी’. ध्वनी साठवणारा चंदेरी थर या छापील बाजूच्या अगदी लगत असतो. त्यामुळे चकाकत्या बाजूचा ओरखडा बुजवता येतो. छापील बाजू खरवडली गेली तर इलाज नाही. दुकानात हा शब्द इतका रुळला होता की जग नाव छापलेल्या बाजूला सुलटी म्हणते, याचा त्यांना विसर पडला होता.

त्यांची थोरली बहीण, ताई, गाणे शिकवत असे. उतारवयात तिने एका छोट्या स्टुडिओत पाच गाणी गाऊन ठेवली. स्टुडिओवाल्याने मोजक्या प्रती काढून दिल्या, ताईने त्या आप्तांना आणि शिष्यांना वाटल्या. पुढे स्टुडिओ बंद पडला. मामांनी प्रत घेतली नाही; ते दर भेटीत म्हणत, ‘मी तुझ्याच सीडीची एक प्रत काढून ठेवतो.’ काम घरचे होते, म्हणून मागे पडत गेले. मग ताईच्या घशात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढून टाकावे लागले. त्यानंतर ती रोज आपली सीडी लावू लागली. रोजच्या हाताळणीने तिच्यावर ओरखडा पडला.

ताई दुसऱ्या गावी राहत असे. फोन भाचीने केला.

“मामा, तिसरं गाणं अडकतंय. एकच ओळ सारखी म्हणतेय आई.”

“तुझी आई जन्मभर तेच करत आलीय.”

मागून दोन टाळ्या ऐकू आल्या.

“आई शिव्या देतेय तुम्हाला.”

“कळलं. पाठवून दे सीडी.”

“हातची सोडत नाहीये ती. वाटेत हरवली तर, म्हणते.”

“बरं, मग ऐक. साधी पांढरी टूथपेस्ट घे. सुलट्या बाजूला लाव, मऊ फडक्यानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ घास. गोल गोल नाही.”

“सुलट्याच बाजूला ना?”

“सुलट्याच. उलटीला बोटही लावू नकोस, सगळं तिथं असतं.”

भाचीने सांगितल्याबरहुकूम केले. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला.

“मामा, चांगला जोर लावून घासली. अक्षरं थोडी गेली, चालेल ना? पण आता मशीन सीडी घेतच नाहीये.”

“कुठली अक्षरं?”

“आईच्या नावाची.”

मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेले. त्यांनी सीडी खिडकीकडे धरली, तर चंदेरी थर जागोजागी निघालेला आणि त्यातून समोरच्या घराची भिंत दिसत होती. भाची रडू लागली. मामा म्हणाले, “तू बरोबर केलंस. मी चुकीचं सांगितलं.” ताईने दोघांकडे पाहिले आणि ती चहा ठेवायला आत गेली.

मग मामा दुसरी प्रत शोधत फिरू लागले. दुकान अर्धा दिवस बंद राही. एका शिष्येकडे रिकामे कव्हर निघाले. दुसरीने घर बदलताना सगळी अडगळ टाकून दिली होती. चुलतभावाकडे प्रत होती, मात्र ती गॅलरीत दोरीला टांगलेली होती.

“चकाकते छान,” चुलतभाऊ म्हणाला. “कबुतरं फिरकत नाहीत.”

“ऐकली होतीस?”

“ऐकणार होतो रे. तू तर दुकानदार, तू ऐकली असशील. कोणती गाणी होती?”

मामांना एकाही गाण्याचे नाव सांगता आले नाही. त्यांनी दोरी सोडली आणि चकती खिशातल्या रुमालात गुंडाळली.

त्या प्रतीच्या पृष्ठावर दोष असा नव्हताच. अशा मोजक्या काढलेल्या प्रतींत चंदेरी थराला लागून असलेल्या रंगात ध्वनी उमटवलेला असतो; उन्हाने तो रंग उडाला होता, आणि तो घासून परत आणता येत नाही. तरीही मामांनी ती घासायच्या मशीनवर धरली. अनेक खटपटींनंतर पहिल्या गाण्याच्या आरंभीचे वाद्यांचे सूर तेवढे वाजले. जिथे ताईचा आवाज सुरू व्हायचा तिथे चकती नुसती फिरत राहिली. एरवी मामांनी अशी सीडी ‘गेली’ म्हणून परत केली असती. ही मात्र ते ताईकडे घेऊन गेले.

ताईने सूर ऐकले. पुढे शांतता पसरली तेव्हा तिने दोन बोटे उचलली, जशी ती शिष्यांना ‘आता’ म्हणून उचलत असे. काहीच आले नाही. तिने स्वतः बटण दाबून मशीन बंद केले आणि लेकीला खुणेने काही सांगितले.

“पुरे, म्हणतेय आई. आता शोधू नका म्हणते.”

“अजून दोघंतिघं राहिलेत,” मामा म्हणाले.

ताईने नकारार्थी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरे झाले असते, असे मामा मला म्हणाले. त्यांनी या विषयावर काढलेले हे एकच वाक्य. त्या राहिलेल्यांकडेही ते जाऊन आले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते आता चकाकत्या बाजूवर बोट ठेवून ‘ही’ म्हणत, दुसरी दाखवून ‘ती’ म्हणत. जुने शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

ताई २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये वारली. तोवर दुसरी प्रत मिळालेली नव्हती.