कोच क्लिंगरनी बाकावर बसवलेला मुलगा

डेल्बर्ट क्लिंगर यांना डेल्बर्ट म्हणणारी आमच्या गावात एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. ती गेल्याला आता चार वर्षं झाली. बाकी सगळं गाव, म्हणजे न्हावी, पास्टर, दातांचे डॉक्टर, इतकंच काय बँकेतली त्यांच्याहून वयाने मोठी बाईसुद्धा, त्यांना 'कोच' म्हणते. हार्लन फॉल्सच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र आणि फुटबॉल शिकवला. नागरिकशास्त्र कुणाला आठवत नाही. फुटबॉल मात्र सगळ्यांना आठवतो, आणि ज्याला त्याला आपल्या सोयीने आठवतो.

हा फुटबॉल अर्थातच आमच्या ओहायोतला, लांबट चेंडूचा. पायाचा उपयोग मुख्यतः पळण्यासाठी आणि मोडण्यासाठी. यात क्वार्टरबॅक नावाचा एक प्राणी असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, समोरून गायीच्या वजनाचे चार-पाच जण त्याच्यावर धावून येतात, आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. तो मैदानाच्या पार टोकाला पकडला गेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. जिंकलं तर श्रेय त्याचं, हरलं तरी नाव त्याचंच. त्यामुळे प्रत्येक घरात एक बाप असतो, ज्याला आपला मुलगा क्वार्टरबॅक व्हावासा वाटतो.

कोचही बापच होते. ब्रेंट त्यांना बेचाळिसाव्या वर्षी झाला, एकुलता एक.

सात वर्षांपूर्वी आमच्या वर्गात दोन क्वार्टरबॅक होते, ब्रेंट क्लिंगर आणि कोल्बी राडर. मीही त्या संघात होतो, म्हणजे संघाच्या बाकावर होतो. माझी जर्सी वर्षभर न धुता चालली यावरून काय ते समजून घ्या. पण बाकावरून मैदान फार छान दिसतं. कोल्बीचा चेंडू पन्नास यार्डांवर जाऊन खेळणाऱ्याच्या हातात असा पडायचा, की जणू कुणी चालत जाऊन ठेवला. ब्रेंटचा चेंडू जायचा, पण वाटेत त्याचं मन बदलायचं. आणि तरी त्या हंगामात दहाच्या दहा सामने ब्रेंट खेळला. कोल्बी माझ्या शेजारी बसून होता. त्याने वर्षभरात तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त सूर्यफुलाच्या बिया खाऊन टरफलं माझ्या बुटांवर थुंकायचा.

पुढच्या वर्षी त्याच्या आईने, जोलीनने, त्याचं नाव अठरा मैलांवरच्या शाळेत घातलं आणि रोज सकाळी पावणेसहाला गाडी काढून त्याला पोचवलं. त्या शाळेने जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. मग एक लहानसं कॉलेज, आणि या उन्हाळ्यात, कुणी मोठं बोलावणं धाडलेलं नसताना, आमच्या संघाच्या सराव शिबिरात एक जागा. आमचा संघ म्हणजे दीड तासावरच्या शहरातला, ज्याच्यावर आम्ही प्रेम करतो आणि जो त्याची काहीही परतफेड करत नाही.

शिबिरात नव्वद जण असतात. हंगाम सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये तीन सामने होतात, ज्यांचा निकाल कुठेच धरत नाहीत. तिसऱ्या सामन्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी चारच्या आत, नव्वदांतले त्रेपन्न राहतात आणि बाकीचे आपापल्या बॅगा उचलतात.

तिसरा सामना शुक्रवारी झाला. शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही नेहमीप्रमाणे रूबीच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर होतो. हॅप, जो शाळेची बस चालवतो, वँडा, जी पोस्टातून निवृत्त झाली पण आवाज अजून खिडकीपलीकडचाच आहे, आणि मी. कोच अजून यायचे होते. जोलीन तिथेच वाढायचं काम करते. त्या सकाळी ती ताटं आणत होती, पण तिचे कान आमच्या टेबलावरच ठेवलेले होते.

"टोपी घालून उभा होता तो," वँडा म्हणाली. 'तो' म्हणजे आमचा मुख्य क्वार्टरबॅक हॉलंड. "अख्खा सामना! टोपी घालून, हातात डावपेचांची पाटी धरून. आमच्या पोस्टात असा उभा राहिला असता, तर मी टपालाची थैली गळ्यात घातली असती त्याच्या."

"अगं, ऑगस्टमध्ये मुख्य माणसाचा गुडघा कोण पणाला लावतो?" हॅपने अंड्यावर मिरी घातली. "त्याला कापसात गुंडाळून ठेवायचं असतं."

"सप्टेंबरमध्ये काढला तरी कापूसच निघतो आतून! बरं, तो राहू दे. दोन नंबरचा तुझा लाडका ब्रिग्ज? दोनदा चेंडू थेट समोरच्याच्या हातात दिला. इतका दानशूर माणूस मी चर्चमध्येसुद्धा पाहिला नाही. आणि आपला कोल्बी? शेवटची पंधरा मिनिटं खेळला, दोन टचडाउन!"

"शेवटच्या पंधरा मिनिटांत समोर कोण होतं, वँडा? मंगळवारनंतर घरोघरी पार्सलं टाकणारी पोरं."

"आणि कोल्बीच्या बाजूने कोण होतं? तीही पार्सलंच टाकणार आहेत. मग बरोबरीचाच सामना झाला की!"

हॅपने बिस्किट रश्शात बुडवलं. तेवढ्यात कोच आले. बाहेर ऊन होतं, तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. ते माझ्या शेजारी बसले. जोलीनने त्यांचा कप काठोकाठ भरला. कोच कॉफीत दूध घालतात हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि गेली सात वर्षं जोलीन त्यांच्या कपात दुधाला जागा ठेवत नाही. एवढंच तिचं भांडण.

"बोला कोच," वँडा म्हणाली, "ठेवतील ना कोल्बीला?"

प्रश्न सोपा नव्हता. 'ठेवतील' म्हटलं, तर सात वर्षांपूर्वीची चूक कबूल केल्यासारखं होतं. 'नाही ठेवणार' म्हटलं, तर म्हातारा अजून खार खाऊन आहे असं झालं असतं.

कोचनी चमचाभर कॉफी बशीत ओतून दुधाची सोय केली. "चेंडू थोपटतो अजून," ते म्हणाले.

"काय करतो?"

"फेकण्याआधी डाव्या तळव्याने चेंडू थोपटतो. एकदा. त्यात अर्धा क्षण जातो. आपल्या इथली पोरं पळायला मंद, त्यांच्यासमोर खपून जातं. तिथे नाही खपत. काल अकरा फेकींत तीनदा थोपटला."

"आली का सात वर्षांनी सबब बाहेर!" हॅप खुशीत आला. "आणि आपला ब्रेंट काय म्हणतो, कोच? एसी बसवतोय ना अजून? तो नाही ना थोपटत, बसवण्याआधी?"

"हॅप, तोंडात बिस्किट घाल," वँडा म्हणाली.

वाद मिटवायचा म्हणून मी फोनवर सामना काढला. आम्ही चौघे त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकलो. पहिल्या टचडाउनची ती फेक, जिच्यावर काल रात्री आम्ही ओरडून घसे बसवले होते. मी चित्र हळू केलं. कोल्बी मागे सरकतो, माणूस मोकळा दिसतो, आणि मग, थाप. डावा तळवा, चेंडूवर, एकदा. तेवढ्यात बचाव करणारा दोन पावलं जवळ आला होता. ज्याच्याकडे चेंडू गेला, त्याने हवेत उडी मारून, पाठ वळवून तो पकडला होता. काल आम्हाला ती कोल्बीची करामत वाटली होती. ती त्या उडी मारणाऱ्या पोराची होती.

"अरे देवा," वँडा म्हणाली.

हॅपने ते दृश्य तीनदा पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाला, "कोच, खरंच की हो! आम्ही उगाच इतकी वर्षं..." वाक्य त्याने पुरं केलं नाही, पण त्याच्या तोंडून निघालेली ती सात वर्षांतली पहिली माफी होती. टेबल एका मिनिटात कोचच्या बाजूला गेलं. आता त्यांनी अंडी खावीत, बिल द्यावं आणि ताठ मानेने घरी जावं, एवढंच बाकी होतं.

कोचनी अंड्यांना हात लावला नाही.

जोलीन कॉफीचं भांडं घेऊन मागे उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने भांडं ठेवलं, एप्रनमधून फोन काढला, एक नंबर लावला आणि तो कोचसमोर टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"त्यालाच सांगा," ती म्हणाली. "इथे अंडी खाणाऱ्यांना सांगून त्याचा काय फायदा?"

"आई? मीटिंगला चाललोय गं," कोल्बीचा आवाज आला.

"मी क्लिंगर बोलतोय."

पलीकडे बूट वाजत होते, ते थांबले. "हो, सर," कोल्बी म्हणाला. सात वर्षांनी पहिल्यांदा बोलताना माणसं बरंच काही म्हणत असतील. तो एवढंच म्हणाला.

"काल तीनदा थोपटलास."

"माहितेय, सर. इथे पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. आधी निम्म्या वेळा थोपटायचो. कोच, एक विचारू? म्हणूनच का? त्या वर्षी मला बसवलंत ते?"

आता सांगतो, हॉटेलात तेव्हा वीसेक माणसं असतील, आणि त्यांपैकी एकाचाही काटा ताटाला लागत नव्हता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? चित्रफीत पुराव्याला होती. हॅप पुराव्याला होता. मुलानेच शब्द तोंडात दिला होता. मला तर वाटलं, हे 'हो' म्हणतील आणि आम्ही सगळे सुटू.

कोच फोनकडे बघत होते. मग त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली.

"ते एक कारण होतं," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यातच दिसलं मला. वहीत लिहिलंही. रोज मोजायचो मी, किती वेळा थोपटलास ते. ब्रेंटच्या चुका मी कधी मोजल्या नाहीत, कोल्बी. त्याच्या नावाचं पान कोरंच होतं. मोजल्या असत्या तर वही पुरली नसती."

हॅपने बिस्किट खाली ठेवलं.

"आणि दुसरं म्हणजे," कोच म्हणाले, "मी नुसतं मोजलं. काढायला हवी होती ती खोड. पगार त्याचाच घेत होतो."

"हो, सर," कोल्बी म्हणाला. "मंगळवारी काही झालं तर बुधवारी घरी असेन मी."

"मग येऊ नकोस," कोच म्हणाले.

पलीकडून हसू आलं. खरंखुरं, बाकावर माझ्या शेजारी बसून हसायचा तसं. "प्रयत्न करतो, सर," म्हणून त्याने फोन ठेवला.

जोलीनने फोन उचलला आणि आत गेली. ती पाऊण तास बाहेर आली नाही. कॉफी रूबीने स्वतः ओतली. वँडाने कागदी रुमालात नाक शिंकरून "या हॉलंडचं काय करायचं ते सांगा" म्हटलं, आणि आम्ही सगळे हॉलंडवर तुटून पडलो. त्याचे गुडघे, त्याची टोपी, त्याची बायको, काही सोडलं नाही. इतक्या आस्थेने आम्ही त्याच्यावर कधीच बोललो नव्हतो.

मंगळवारी दुपारी तीन चाळीसला कोल्बीला बोलावून बॅग उचलायला सांगितलं. ब्रिग्जला ठेवलं. वँडाने त्या दिवशी संघाला चार पानी पत्र लिहिलं आणि तिकीट लावून, स्वतः शिक्का तपासून, टाकलं.

बुधवारी संध्याकाळी मी शाळेच्या मैदानावर गेलो, कारण चेंडू गोळा करायला कुणीतरी लागणार, आणि त्या कामाचा मला अनुभव आहे. कोच आणि कोल्बी आधीच आले होते. दोघांत काय बोलणं झालं होतं ते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा कोल्बीच्या डाव्या हातात एक टेनिसचा चेंडू होता.

"तिकडे हे शिकवलं," तो कोचना दाखवत होता. "डाव्या हातात हा धरायचा आणि फेकायचं. तळवा भरलेला असला की थोपटता येत नाही. दुसऱ्या एका संघाचा फोन आलाय, सोमवारी चाचणीला बोलावलंय. तोवर जमवायचं आहे."

"बघू," म्हणून कोचनी मोठा चेंडू घेतला. "आधी तो न धरता टाकून बघतो, म्हणजे फरक कळेल." सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांचा करकर आवाज, पण मागे सरकले ते ऐटीत. चेंडू सुंदर गेला. माझ्या डोक्यावरून.

मी तो आणून दिला. त्यांनी पुन्हा टाकला, आणि पुन्हा. कोल्बी त्यांच्या हाताकडे बघत होता.

"कोच," तो म्हणाला, "मला फेकायला कुणी शिकवलं आठवतंय? दहा वर्षांचा होतो. उन्हाळी शिबिरात."

"मीच की."

"तुम्हीही थोपटता."

कोच थांबले. चेंडू उजव्या हातात, डावा तळवा त्यावर टेकलेला. त्यांनी तो तळवा वळवून बघितला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही वेळा, सर."

कोचनी खिशातून पेन्सिल आणि चतकोर वही काढली, कोरं पान उघडलं, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि वही कोल्बीच्या हातात दिली.

"मोज," ते म्हणाले, आणि मागे सरकले.