म्हशीचं दावं

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात जिन्याखाली एक जुनाट संगणक होता. काळा, ढब्बू, आणि उन्हाळ्यात अशा धापा टाकायचा की लोक त्याला म्हैसच म्हणत. त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली. बंद करायची कुणाची छाती नव्हती, कारण कुठलं गाठोडं कुठल्या दवाखान्यात जायचं त्याच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम म्हशीच्याच पोटात होता. तो लिहिला होता ताईंनी. संगणकाचं सगळं त्याच बघायच्या. बाई तोंडानं फटकळ, हाडानं चिवट.

कारभार हाती येताच धाकट्या मालकांनी फर्मान काढलं. "ताई, म्हैस मरायला टेकलीय. बाहेरून नवाकोरा प्रोग्राम आणतो. तुम्ही आता घरी आराम करा."

"म्हैस म्हातारी झाली म्हणून दूध नासलं होय? प्रोग्राम धडधाकट आहे, नुसता गोठा बदलायचाय. सोमवारी म्हैस मीच बंद करते. चिठ्ठ्या अडल्या तर मी चालले घरी."

ताई कंटेनरची विद्या पन्नाशीत शिकल्या होत्या. नवरा म्हणाला होता, "या वयात कशाला?" ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही भाजी निवडा."

विद्या तशी साधी. नुसता प्रोग्राम उचलून नव्या यंत्रावर ठेवला तर त्याला तिथलं पाणी मानवत नाही. म्हणून त्याला लागेल ते सगळं, मीठमिरचीसकट, एका पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, बांधायचं. पेटी कुठंही उघडा, बिऱ्हाड तेच. एक बंद पडली तर तशीच दुसरी उघडायची. गाठोड्यांची रीघ लागली तर चार उघडायच्या.

सोमवारी सगळा कारखाना जिन्याखाली गोळा झाला. "ताई, म्हशीला शेवटचं पाणी पाजलं का?" इस्त्रीवाला खिदळला.

"तुला पाजते आधी," म्हणत ताईंनी चिकटपट्टी ओरबाडली आणि बटण दाबलं. धापा थांबल्या.

शेजारी आणून ठेवलेल्या नव्या संगणकावर त्यांनी पेटी उघडली. उघडली तशी मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"झालं! सुरू करा ती म्हैस," मालक ओरडले. "गाड्या खोळंबल्यात."

ताई म्हशीपुढं आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही. पहिली गाडी भरेस्तोवर थांबा."

खुर्चीत बसून त्या प्रोग्रामच्या ओळी वाचू लागल्या आणि एकदम फसकन हसल्या. प्रोग्राम कुणी पळवू नये म्हणून त्यांनीच कधीकाळी त्यात एक कुलूप घातलं होतं. उठल्या उठल्या त्यानं म्हशीला हाक मारायची, तिनं ओ दिली तरच कामाला लागायचं. चाचण्या झाल्या तेव्हा म्हैस जागी होती, पलीकडून ओ देत होती. आता ओ द्यायला होतं कोण?

"माझंच दावं माझ्याच पायात," पुटपुटत त्यांनी ती ओळ खोडली, पेटी नव्यानं बांधली आणि उघडली.

चिठ्ठ्या छापणारं यंत्र खाकरलं. एक चिठ्ठी बाहेर आली, पाठोपाठ दुसरी. इस्त्रीवाल्यानं पहिली गाठोड्याला डकवली आणि गाडीकडं पळाला.

"बरं झालं," मालक म्हणाले. "तरी म्हैस चालू ठेवू, अडीअडचणीला."

"नाही. ती चालू दिसली की तुम्ही उद्या तिच्याकडंच पळाल. आता त्याच प्रोग्राममधला बिलांचा भाग वेगळ्या पेटीत काढते आणि नव्यानं लिहिते. चिठ्ठ्यांना धक्का लागायचा नाही."

"पण नवा प्रोग्राम..."

"आणा की. आणि त्यालाच विचारा, चिठ्ठ्या नि बिलं माझ्या पेट्यांत असताना तो बसणार कुठं."

ताईंनी म्हशीची वायर भिंतीतून उपटली, हाताला गुंडाळून पिशवीत टाकली आणि म्हशीच्याच पाठीवर बसून चहा मागवला.