कोरडं अंग

माझ्या भाचेसुनेचे वडील दारू पीत नव्हते. तिच्या लग्नाच्या दिवशीही प्यायले नव्हते. हे वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी वलगावच्या मांडवात सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. मी त्याच्या नेमकं उलट बोललो, आणि मी बोललो म्हणूनच लोकांनी ते खरं मानलं.

मी आरोग्य खात्यात होतो. अकोल्याच्या आसपासच्या खेड्यांत तीस वर्षं फिरलो, आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर. मार्च सरत आला की शाळेत, ग्रामपंचायतीत, आठवडी बाजारात उभं राहून उन्हाबद्दल सांगायचं, हे माझं कामच होतं. घाम वाहतोय, चक्कर येतेय, पोटऱ्यांत गोळे येतायत, पण माणूस नीट बोलतोय, तर त्याला सावलीत न्या आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा. अंग तापलेलं असेल आणि माणूस बरळू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर मात्र वाट पाहायची नाही. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मानेशी, काखेत, जांघेत बर्फ ठेवा आणि हे सगळं चालू ठेवूनच दवाखान्यात न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. थंडी वाजते म्हणाला तरी पांघरूण घालू नका. हे मी इतक्यांदा बोललो होतो की बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा पांघरुणाबद्दलच बोलता.

भाच्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्यामुळे मुलगी पाहण्यापासून याद्या करण्यापर्यंत सगळं मामा म्हणून माझ्याकडे आलं. लग्न मे महिन्यात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आम्ही वऱ्हाड घेऊन अकोल्याच्या जठारपेठेतून सकाळीच निघालो. वलगावात वऱ्हाडाला उतरायला शाळेत जानोसा दिला होता. कूलर होता, पण त्यात पाणी नव्हतं. नळ सोडला तर टाकीतलं पाणी हाताला चटका देत होतं. वऱ्हाडातल्या बायका कुरकुरल्या. मी ती कुरकुर मनात धरून ठेवली.

वरात साडेअकराला निघाली. मांडव दहा मिनिटांच्या वाटेवर होता, पण मारुतीच्या देवळापुढे पोरं नाचायला लागली ती हलेचनात. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घरांच्या खिडक्यांना ओली पोती लावलेली. घोडीनं मान खाली घातली होती. बॅण्डमधला एक जण जाड लाल कोटात भिंतीला टेकून बसला, तेव्हा मीच त्याचा कोट काढायला लावला आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतवलं. म्हणजे मला सगळं आठवत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की त्या गडबडीत सुचलं नाही.

मुलीचे काका दोनदा येऊन हात जोडून गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "मामासाहेब, चाला ना आता. दादा पहाटपासून कोरडे हायेत. मांडवाच्या दारात उभे हायेत, बसा म्हटलं तं बसत नाईत."

कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईवडिलांनी काही खायचं नाही, ही आपल्याकडची रीत. बहुतेक जण चहापाणी घेतात. हे व्याही कडक होते, पाणीसुद्धा नाही. शिवाय वरात येईपर्यंत दारात उभं राहायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

मी म्हणालो, "अहो, एकुलता एक भाचा हाय माहा. नाचू द्या पोरायले! कूलर कोरडा ठेवला तुमी, आता जरासं उभं राहा म्हना."

आमचे लोक खो खो हसले. काका तसेच परत गेले.

आम्ही मांडवाशी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. व्याहीभेटीसाठी मीच पुढे झालो. व्याही हार घेऊन आले ते तिरपे. हार त्यांनी माझ्याऐवजी शेजारच्या पोराच्या गळ्यात घालायला नेला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी आली काय? कापूस उतरवा ना पटपट." मे महिन्यात कुठला कापूस? मी त्यांना मिठी मारली. माझा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. त्यांची मान माझ्या गालाला लागली ती ठणठणीत कोरडी, एक थेंब घाम नव्हता. कपड्यांतून त्यांच्या अंगाची धग माझ्या छातीला लागत होती. तोंडाला दारूचा वास नव्हता. नव्हताच.

त्या मिठीत मला सगळं कळलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, व्याही तं सकाळीच बसले वाट्टे!" हशा पिकला. व्याही दोन पावलं मागे गेले आणि खांबाला धरून राहिले. मुलीचे काका घाबरले होते. त्यांनी माझा हात धरला. "मामासाहेब, तुमी दवाखान्यातले मानूस. पाहा ना बरं, दादाले काय होऊन राह्यलं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "काई नाई होत. जरा जास्त झाली. झोपू द्या, उतरंल."

ऊन लागलं असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, की त्यांना उन्हात उभं कोणी ठेवलं. बाकी काही कारण नव्हतं.

त्यांना पत्र्याच्या खोलीत नेलं. कन्यादानाला काका बसले. मंगलाष्टकं चालू असताना मी हात धुवायला म्हणून तिकडून गेलो. दार अर्धं उघडं होतं. ते थरथरत होते, आणि कोणीतरी मायेनं त्यांच्या अंगावर जाड गोधडी टाकली होती. उंबरठ्याशी पाण्याची भरलेली बादली होती. मी क्षणभर थांबलो. मग परत येऊन नवरदेवाच्या मागे उभा राहिलो आणि अक्षता टाकल्या.

चारच्या सुमारास त्यांना झटके आले, तेव्हा अमरावतीला हलवलं. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला आणि जीव वाचवला. पण मेंदूत जिथून माणसाचा तोल सांभाळला जातो, तिथे ती उष्णता बसली होती. असं काही जणांना होतं, हेही मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. ते घरी आले ते झोकांड्या खात. जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकायचे. कप उचलला की अर्धा चहा बशीत. ज्यानं कधी थेंब घेतला नाही, तो माणूस उरलेलं आयुष्य दारुड्यासारखा चालला आणि दारुड्यासारखा बोलला. गावानं रोज त्यांच्याकडे पाहिलं आणि रोज माझ्यावर विश्वास ठेवला. लोक म्हणायचे, डॉक्टर काय, घरच्यांचं मन राखायला काहीही सांगतात. पण मामानं मिठीतच ओळखलं होतं, तोही आरोग्य खात्यातला माणूस. एकदा अमरावतीच्या बसमधून वाहकानं त्यांना उतरवून दिलं. ते तसेच उन्हात चालत घरी आले.

आमच्या घरातही ते वाक्य राहायला आलं. भाजीत मीठ कमी पडलं, दिवाळीची साडी हलकी निघाली, की माझी बहीण सुनेला म्हणायची, "तुह्या बापानं तं मांडवातच रंग दाखवले." सुरुवातीला सून उलट बोलायची, "माह्या बाबानं पानी नव्हतं घेतलं, दारू कुठून घेतीन?" मग बोलेनाशी झाली. यातल्या कितीतरी वेळी मी तिथेच खुर्चीवर बसलेलो होतो. तिनं करून दिलेला चहा पीत.

यंदा चैत्रात व्याही गेले. तेरवीला मी वलगावला गेलो. बाहेर मांडवात पंगत बसली होती. मी आत गेलो, जिथे विहीणबाई आणि आमची सून बसल्या होत्या, आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. कूलरसकट. गोधडीसकट. सांगताना मधे एकदाही कोणी रडलं नाही, मीही नाही.

विहीणबाई मग म्हणाल्या, "त्या वक्ती पानी टाकलं असतं, तं नीट चालले असते का ते?"

खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही, हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. ते खरंही आहे. पण मी म्हणालो, "तवाच टाकलं असतं तं, बहुतेक, हाव."

त्यांनी मान हलवली. सून माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "मामाजी, आमाले काहून सांगता? आमाले तं मालूमच होतं. सकाळी मी सोता तांब्या नेला होता बाबापाशी, त्यायनं वापस केला. ज्यायले मालूम नाई ते भाईर जेवून राह्यले."

मी उठलो. मांडवात आलो. बाहेर दोन रांगा जेवत होत्या. मुलीचे काका वरणाची बादली घेऊन वाढत होते. मी पहिल्या रांगेच्या टोकाशी उभा राहिलो आणि बोललो, की ते प्यायले नव्हते, त्यांना ऊन लागलं होतं, ते मला त्याच वेळी कळलं होतं, आणि मी खोटं बोललो.

एक म्हातारे घास हातातच धरून म्हणाले, "मामा, आता सांगता? नऊ वर्षानं?"

"हाव," मी म्हणालो. "नऊ वर्षानं."

काही जण पुन्हा जेवायला लागले. काकांनी बादली खाली ठेवली होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा सांगा. तिकडच्या रांगेले आयकू नाई गेलं."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.