शिडाच्या होडीतला नळ

माझा धाकटा भाऊ बाळू फोनवर म्हणाला, "आक्का, होडी ठेवायची का इकायची ते बुधवारी ठरणार हाय. तू ये." म्हणून मी निघाले. नाहीतर माणमधल्या बाईचं होडीत काय काम? आमच्या दहिवडीकडं नाव तरंगवायची म्हटलं तर आधी टँकर मागवावा लागेल.

बाळू नेव्हीतून रिटायर होऊन मिरजेला राहतो. तिथं त्यानं एका साहेबाकडून जुनी शिडाची होडी घेतली आणि ती बामणोलीकडं, कोयनेच्या बॅकवॉटरला आणून ठेवली. पाच वर्षं तिला घासतोय, रंगवतोय. पण मागल्या वर्षी छातीत दुखून दवाखान्यात पडला, तेव्हापासून पोरगा त्याला एकट्याला पाण्यावर सोडत नाही. बायको बरोबर असली तरच जायचं. आणि बायकोची, म्हणजे सुमनची, अट एकच. होडीत नळ पाहिजे, आणि सोडला की पाणी आलं पाहिजे. बुधवारी ती बघायला येणार होती. नळ चालला तर होडी राहणार, नाहीतर गिऱ्हाईक तयारच होतं.

ज्यांना जायचंय त्यांनी दहिवडीहून पहिली एसटी धरावी. पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला पोचायला सकाळ जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकी मात्र भांडून घ्यावी लागते. साताऱ्यातून बामणोलीच्या गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. कासचा घाट चढताना गार वारं लागतं, स्वेटर वरच ठेवा. शेजारची बाई लिंबू हुंगत बसली होती, मला म्हणाली, "आवं आजी, तुमाला फिरत न्हाई व्हय?" म्हटलं, "बाई, चाळीस वर्सं डोक्यावर तीन घागरी घेऊन चाललेय, ही वळणं काय करत्यात."

घाट उतरला आणि पाणी दिसलं. डोंगरांच्या मधे निळं, गप्प पसरलेलं. मी गाडीतून उतरून तिथंच दगडावर बसले. एवढं पाणी कुणी पहारा न देता पडलंय, हे बघायला डोळ्यांना जरा वेळ लागतो.

होडी काठाला बांधलेली होती. आत उतरायला चार पायऱ्या, दोन बाकं, एक शेगडी आणि ताटाएवढं बेसिन. बाळूनं सगळं समजावलं. बाकाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी, टाकीतून पाइप पंपाला, पंपातून नळाला. बॅटरीवर चालतो. नळ सोडला की पंप आपोआप सुरू होतो. सोडून दाखवला, धार आली.

"पाच वर्सांची मेहनत हाय ही, आक्का."

"बेस हाय," मी म्हटलं. "आता आवर, भूक लागली."

तो शिडाच्या दोऱ्या बांधायला वर गेला. मी पिशवी बाकाखाली सरकवायला वाकले, तर तिथल्या पाइपाच्या जोडाखाली थेंब पडत होता. टप, टप. जवळच कॉक होता, तो फिरवून बंद केला आणि वर आले. गळतं पाणी मला बघवत नाही. आमच्याकडं कुणालाच बघवत नाही.

काठावरच एका घरात राहायची-जेवायची सोय होते. आधी फोन करून सांगावं लागतं. मासे नको म्हटलं तर पिठलं-भाकरी आणि ठेचा करतात. पोट भरलं, झोप शांत लागली.

सकाळी बाळूनं नळ सोडला. पंप घुर्रर करून फिरला, पाणी नाही. परत सोडला, परत नुसतीच घुरघुर. त्याचा चेहरा उतरला.

"मोटर फिरतीय म्हंजे बॅटरी चांगली हाय," तो म्हणाला.

टाकीत काठी बुडवून बघितली, निम्म्याहून जास्त भरलेली. मग पंपाच्या तोंडची जाळी काढली, तिच्यात शेवाळ होतं. ते धुतलं. तरी नाही. पाइपाच्या क्लिपा आवळल्या. तरी नाही. शेवटी घाम पुसत म्हणाला, "पंपच गेला. आता सांगलीला जाऊन नवा आणायचा, तवर सुमन बसतीय व्हय!"

विहिरीवरच्या मोटरी मी पुष्कळ बघितल्यात. आमचे मालक गेल्यावर शेती मीच बघितली. मोटर फिरते आणि पाणी येत नाही, तेव्हा माणसं आधी मोटरीलाच शिव्या घालतात. मी म्हटलं, "गड्या, पंपाला एकदा बादली दाव."

टाकीकडून येणारा पाइप पंपावरून काढला, त्या जागी एक तुकडा बसवला आणि त्याचं टोक बादलीत सोडलं. नळ सोडला. दोन-तीन आचके बसले आणि धार लागली.

"पंप झकास हाय," मी म्हटलं. "दोष टाकीत न्हाईतर टाकी आनि पंपाच्या मधी."

हे बोलून झालं आणि माझी नजर बाकाखाली गेली. टाकी आणि पंपाच्या मधे काय होतं, ते मलाच ठाऊक होतं.

तेवढ्यात वरून हाक आली. सुमन आली होती. बाळू तिला आणायला वर गेला. मी वाकले, पाइप परत जागी बसवला, कॉक उघडला. नळ सोडला, पाणी आलं. कुणाला कळलंही नसतं.

सुमन चार पायऱ्या जपून उतरली. मागनं बाळू म्हणाला, "सुमन, खरं सांगतो, सकाळपासनं नळ बंद पडलाय." आणि बेसिनकडं बघतो तर धार चालू.

"आपोआप आलं?" सुमननं विचारलं.

"आलं बघ," बाळू म्हणाला.

"मग आपोआप जाईल बी." ती बाकावर टेकलीसुद्धा नाही. "आवं, चारची गाडी हाय ना? तिनंच जाते मी."

बाळूनं खिशातला फोन काढला. गिऱ्हाइकालाच लावणार होता. मग मात्र मला गप्प बसवेना.

"सुमन, आपोआप आलं न्हाई. काल मीच कॉक बंद केलता. थेंब गळत हुता म्हणून."

बाळू माझ्याकडं बघतच राहिला. भावजयीपुढं चूक कबूल करणं नणंदेला किती जड जातं, ते नणंदाच जाणतात.

सुमन खाली बसली. म्हणाली, "वन्सं, लगीन हून तुमच्या घरात आले तवा हळदीच्या आंघोळीला बी तुमीच पिपाचा कॉक बंद केलता. डोळ्यांत साबन हुता माझ्या."

"वरीस दुष्काळाचं हुतं गं."

"व्हय. पन मी कृष्णाकाठची पोर, मला काय ठावं? साबन तसाच पुसला आनि ठरवलं, नळ असंल तिथंच ऱ्हायचं."

पस्तीस वर्षं ही गोष्ट तिनं पोटात ठेवली होती, आणि मला आठवतही नव्हती. मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"कुटला कॉक, दावा," ती म्हणाली. मी दाखवला. तिनं स्वतः बंद केला, नळ सोडला, घुर्रर ऐकलं. उघडला, पाणी आलं. असं तिनं तीनदा केलं. मग जोडावरच्या थेंबाकडं बोट केलं, "आनि ह्ये?"

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून मी वॉशर कापला, बाळूनं जोड खोलून बसवला. थेंब थांबला. सुमननं साबण घेतला, नळाखाली तोंड धुतलं. सावकाश. मी हात मांडीत धरून बसले.

चारची गाडी तिनं जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी बाळूनं शीड उभारलं. वारा बेताचाच होता, होडी आवाज न करता सरकत होती. ज्यांना जमेल त्यांनी हे एकदा करावं. बाळूनं गिऱ्हाइकाला फोन केला तो "राहू द्या" सांगायला.

घरी परतले तर अंगणातल्या टाकीचं पाणी पाइपानं न्हाणीत वाहत होतं. हात आपसूक कॉकवर गेला. तसाच ठेवून मी न्हाणीकडं तोंड केलं.

"रूपा, झालं का गं तुझं?"

"न्हाई आत्या, डोकं धुतीय," आतून सून म्हणाली.

मी हात काढून घेतला आणि पायरीवर बसले.