मोहंतीचं विमान

कमांडर अनंत सावर्डेकर गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने, मेधाने, सकाळी फोन करून सांगितली. मी फोन खाली ठेवेपर्यंत बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरही पोचली होती. ‘आकाशाचा राजा आकाशात विलीन’ असा मजकूर, खाली जोडलेले हात, आणि त्याखाली एका लढाऊ विमानाचा फोटो. विमान दुसऱ्याच देशाचं होतं. सावर्डेकर असते तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो फोटो बारकाईने पाहिला असता आणि म्हणाले असते, “भागवत, मला मारलं ते मारलं, वर परक्याच्या विमानात बसवून पाठवताहेत.” राजा वगैरे तर त्यांना मुळीच खपलं नसतं. उभी नोकरी त्यांनी नौदलात केली होती, आणि आकाश म्हणजे जहाजावर परत यायची एक वाट, याहून जास्त मान त्यांनी आकाशाला कधी दिला नाही.

निगडी प्राधिकरणात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मी एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला, ते नौदलातून. दोघांच्याही बायका आधी गेलेल्या, त्यामुळे संध्याकाळचा चहा एकत्र होऊ लागला आणि वीसेक वर्षं होत राहिला. स्वातंत्र्यदिनाला त्यांना झेंडावंदनाला बोलवायचे. ते जायचे, पण ‘शूरवीर’ हा शब्द निघाला की निवेदकाला तिथल्या तिथे थांबवायचे. “मी युद्धात गोळी झाडलेली नाही. सराव केला. नीट केला. तेवढंच सांगा.” निवेदक गोंधळायचा. सरावासाठी टाळ्या कशा मागायच्या, हे त्याला कुणी शिकवलेलं नसायचं.

विमानाबद्दल मात्र ते चहा गार होईपर्यंत बोलत. ते सी हॅरियर चालवायचे; ते विमान आता केव्हाच सेवेतून गेलं. बोलताना त्यांचा डावा हात आपोआप खुर्चीच्या हातावर जायचा, कारण सगळी गंमत त्या हाताशी होती. तिथे दोन दांडे: एक इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा, दुसरा इंजिनाचा झोत मागून खाली वळवणारा. झोत खाली वळला की विमान पंखांच्या भरवशावर राहत नाही, स्वतःच्या इंजिनावर उभं राहतं. “आणि घाईत चुकीचा दांडा ओढला तर?” मी एकदा विचारलं. “तर आज तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर चहा प्यायला असता.”

जहाजाच्या शेजारी यायचं, जहाजाच्याच वेगाने हवेत उभं राहायचं, मग आडवं सरकत डेकवर यायचं आणि खाली बसायचं. गोव्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी विरळ होते की इंजिनाचं बळ कमी पडतं. मग इंजिनात पाणी फवारून तेवढ्यापुरता जोर आणायचा. पाण्याची टाकी छोटी. ती संपायच्या आत खाली बसलात तर तुम्ही वैमानिक, नाहीतर… असं म्हणून ते बिस्किट चहात बुडवायचे आणि ते तुटून आत पडेपर्यंत धरून ठेवायचे.

अशाच एका दुपारी त्यांचा मित्र गेला. लेफ्टनंट बिपिन मोहंती, ओडिशाचा. दोघं सरावावरून परतत होते, हे पुढे, मोहंती मागे. सावर्डेकर जहाजाच्या कडेला येऊन हवेत उभे राहिले आणि त्यांनी डेककडे पाहिलं. “एरवी डेकवरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे बघत असतो, भागवत. आपण कुठे पडणार याची त्यालाही चिंता असते. त्या दिवशी एकही जण बघत नव्हता. सगळे माझ्या पाठीमागे, समुद्राकडे बघत होते… मला मान वळवता येत नव्हती. मान वळवली तर मीही गेलो असतो.” ते नीट उतरले. मोहंती सापडला नाही.

त्यांच्या तुकडीत विमानाच्या कडेला, बसायच्या जागेखाली, एकेका वैमानिकाचं नाव रंगवायची पद्धत होती. मोहंतीचं नाव ज्या विमानावर होतं ते त्या दिवशी दुरुस्तीला होतं. तो गेला दुसऱ्यात. मागे उरलेल्या विमानावरचं नाव कुणी पुसलं नाही. रंगकामाला गेलेलं विमान परत आलं की तुकडीतले मेकॅनिक आधी ते नाव पुन्हा रंगवायचे. तसा हुकूम कुणी दिला नव्हता, त्यामुळे तो कुणाला मागेही घेता आला नाही. नवीन पोरांना ते विमान दिलं की सांगायचे, उडव तू, नाव मात्र मोहंतीचंच राहील. विमान निवृत्त होईपर्यंत ते राहिलं.

हेच विमान तीन वर्षांपूर्वी चाकणला आलं. एका कारखानदाराने ते रीतसर मिळवून आपल्या फाटकाच्या आत, एका ओट्यावर उभं केलं. गाड्यांचे बंपर रंगवणारा कारखाना. शेपटीवरचा क्रमांक ऐकून सावर्डेकर खुर्चीतून उठलेच. उद्घाटनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मी सोबत गेलो. मंडप, तुतारी, फेटे, ड्रोन, सगळं होतं. पडदा सरला आणि समोर मोत्यासारखं पांढरंशुभ्र, चकचकीत विमान! समुद्रावर दिसू नये म्हणून ज्याला मळकट करडा रंग द्यायचे, त्याला इथल्या मंडळींनी मनापासून घासून, पुट्टी भरून, गाडीच्या बंपरला देतात ते सगळे थर दिले होते. त्यात माझं प्रतिबिंब दिसत होतं. मोहंतीचं नाव मळ समजून घासलं गेलं होतं, आणि त्या जागी कारखानदाराच्या वडिलांचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’सह, सोनेरी अक्षरांत.

देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं असतात, ती पंखा सुरू झाला की निदान दिसेनाशी तरी होतात. हे विमान आता सुरू होणार नव्हतं. सावर्डेकरांनी फीत कापली नाही. कात्री तबकात ठेवून त्यांनी विचारलं, “इथलं नाव कुठे गेलं?” आणि मोहंतीची हकीगत थोडक्यात सांगितली.

कारखानदार वाईट माणूस नाही. चाकणच्याच शेतकरी घरातला. तो खरंच भांबावला. “कमांडरसाहेब, आमी काय वंगाळ केलं का? आबांच्या वावरात ही कंपनी उभी हाय. वावर गेलं, आबा गेले. त्यांचं नाव कुटं तरी पायजे का न्हाई?”

“पाहिजेच. फाटकाला द्या, कँटीनला द्या, रस्त्याला द्या, मी पहिली माळ घालीन. पण हे विमान त्यांनी चालवलेलं नाही.”

“तो मोहंती तरी कुटला? हितला न्हाई, म्हाराष्ट्राचा न्हाई. लढाईत बी न्हाई गेला, तुमीच म्हनता.”

“म्हणूनच,” सावर्डेकर म्हणाले. “सरावात गेलेल्या माणसाला कुठेच चौक मिळत नाही. त्याला एवढी वीतभर जागा होती.”

बोलणं तिथेच थांबलं. नंतर सांगून झालं, माणसं मध्ये घालून झाली, कारखानदाराचा नकार कायम. मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यांची फाटकं उघडी असतात, कामगारांची बायकापोरं येतात, लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. विमानालाही झेंडूचा हार घालायला शिडी लावली होती. बायपास झालेला हा कमांडर हातात पूजेचं ताट घेऊन शिडीवर चढला. ताटात फुलांखाली काळ्या रंगाची डबी आणि ब्रश. ‘मोहंती’ हे नाव निम्मं झाल्यावर रखवालदाराच्या लक्षात आलं.

“ओ साहेब, खाली या! माजी नोकरी जाईल!”

“अरे, पूजा चालू आहे. मध्ये बोलू नये.”

“अशी पूजा असती व्हय?”

“आमच्यात असते.”

रखवालदाराने मुकाट शिडी धरली. साहेब पडले असते तर नोकरी दुप्पट गेली असती. आठवड्याने नाव पुसलं गेलं. पुढच्या खंडेनवमीला सावर्डेकर पुन्हा वर, आणि पुन्हा ते पुसलं गेलं. मी त्यांना म्हटलं, किती वर्षं चालायचं हे? ते म्हणाले, “मेकॅनिक लोकांनी किती वर्षं केलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.”

या भाद्रपदात ते गेले. खंडेनवमी काही आठवड्यांवर होती. वाकडच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या, बापाच्या या हट्टाला दोन्ही वर्षं डोक्याला हात लावणाऱ्या मेधाने मला फोन करून एवढंच विचारलं, “काका, गाडी मी काढू की तुम्ही?”

ती शिडीवर चढली तेव्हा कारखानदार स्वतः खाली येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. “पोरी, ऐक. तुज्या बापाचं नाव लिही. आबांच्या खाली लिही, सोनेरीत काढून देतो. कमांडरसाहेब आपले होते, त्यांचं मी कदी पुसनार न्हाई. पन तो मोहंती सोड.”

मेधाचा हात थांबला. तिचा बाप जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्याचं नाव कायमचं राहील असं कुणीतरी मनापासून सांगत होतं.

“बाबा परत आले होते, काका,” ती वरूनच कारखानदाराला म्हणाली. “हे न आलेल्याचं आहे.” आणि तिने पुढचं अक्षर काढलं.

“सोमवारी पुसनार बघ मी.”

“पुसा. पुढच्या वर्षी येतेच.”

“ताई, ‘ह’ वाकडा झालाय,” शिडी धरलेला रखवालदार म्हणाला.

परवा चाकणला काम होतं, म्हणून मुद्दाम आत जाऊन पाहून आलो. नाव पुसलेलं होतं, दिल्या शब्दाप्रमाणे. पण दरवर्षी थिनर लावून आणि घासून तिथला पांढरा रंग आता पार उडाला आहे. त्या चकाकत्या विमानाच्या कुशीत, बसायच्या जागेखाली, वीतभर मळकट करडा ठिपका उघडा पडला आहे. समुद्रावर दिसू नये म्हणून देत असत तो. रखवालदार म्हणाला, शेठ दोनदा येऊन बघून गेले, पण परत रंग मार म्हणून अजून सांगितलं नाही.